सिस्टरांच्या घराची वर्गणी

माझी मुलगी सिस्टरांच्या घरी राहते हे मी बाजारात कोणाला सांगितलं नव्हतं. मामाकडे देवासला असते, असं सांगून ठेवलं होतं. एकदा सांगितलं की मग तेच सांगत राहावं लागतं. कोणी विचारलं, पोर कशी आहे, की मी म्हणायचो, मजेत आहे, मामी फार जीव लावते. मामी जाऊन किती वर्षं झाली होती.

मुलगी म्हणजे लहान नाही. चाळिशी ओलांडलेली बाई आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. पण समज चार-पाच वर्षांच्या लेकराएवढी. तिची आई होती तोवर घरात काय चालतं हे मला ठाऊकच नव्हतं. आंघोळ, वेणी, महिन्याचे दिवस, सगळं आई बघायची आणि मी इथे ग्वाल्हेरात नई सडकेवर पत्र्याच्या पेट्या ठोकायचो. आई गेली आणि तेराव्याच्या आतच मला कळलं की बापाला यातलं काही जमणारं नाही. माझे हात चालत नव्हते असं नाही. पण ती बाईमाणूस आहे, तिलाही लाज आहे. मी न्हाणीच्या दाराशी गेलो की ओरडायची. शेजारच्या दोघी बायकांनी काही दिवस केलं. मग त्यांच्या सुनांची तोंडं वाकडी व्हायला लागली आणि मीच म्हटलं, राहू द्या.

चर्चच्या त्या सिस्टरांचं घर मला माहीत होतं. पुष्कळ आधी त्यांनी माझ्याकडून पेट्या नेल्या होत्या, मुलींचे कपडे ठेवायला, प्रत्येकीला एक. पोचवायला मी स्वतः ठेल्याबरोबर गेलो होतो. तिथे अंगणात माझ्या मुलीसारख्याच मुली बसलेल्या, काही लहान, काही पार म्हाताऱ्या, आणि कापसाच्या फुलवाती वळत होत्या. भिंतीवर येशू आणि खाली निरांजनाच्या वाती! मला हसू आलं होतं. त्या वाती बाजारात विकून त्यांच्या तेलासाबणाचं भागत असे. आपल्याच लोकांच्या देवघरात त्या जळत होत्या, फक्त कोणाला माहीत नव्हतं.

आई गेल्यावर मी मुलीला तिथेच नेलं. मोठी सिस्टर केरळची आहे, ठेंगणी, चष्मेवाली, मला बाबूजी म्हणते. तिने आमची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. एवढंच विचारलं, "रात को डरती है क्या?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "ठीक है, मेरे कमरे के पास सुलाएंगे."

आजपर्यंत त्या घरात माझ्या मुलीला कोणी गळ्यात क्रॉस घातलेला नाही. ती आपणहून त्यांच्या प्रार्थनेत जाऊन बसते, कारण तिथे गाणं असतं. गाणं आमच्याकडे आरतीलाही असतं, तिथेही ती बसायची. हे मी अशासाठी लिहितो की पुढे मला हे फार लोकांनी विचारलं.

गेल्या वर्षी आषाढात मोठ्या सिस्टरने मला बसवून घेतलं आणि चहा दिला. त्या घरी चहा कधी उगाच देत नाहीत. ती म्हणाली, घर चालतं ते परदेशातल्या चर्चांमधून जमून येणाऱ्या पैशांवर, आणि तो पैसा आता कुठल्याशा कागदावर अडकलाय. बाहेरचा पैसा घ्यायच्या परवानगीचा तो कागद दिल्लीला आहे. कधी सुटेल सांगता येत नाही. दिवसाची शाळा कशीबशी चालेल, पण रात्रीचं राहणं दिवाळीनंतर बंद करावं लागेल. ज्यांना कोणी आहे त्या मुली घरी जातील. ज्यांना कोणीच नाही त्यांना केरळातल्या घरी नेणार.

"आपकी बेटी का तो घर है, बाबूजी," ती म्हणाली. "आप हैं."

मी आहे हे खरं. पण मी पंचाहत्तरीच्या पलीकडे गेलेलो. डाव्या डोळ्याने दिसत नाही, दोनदा छातीत कळ येऊन गेली. मी म्हटलं, "और मैं नहीं रहा तो?"

त्यावर सिस्टर गप्प बसली. खोटं बोलायची तिला सवय नाही, हाच तिच्यातला त्रास आहे.

घरी आलो आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेवढीच एक गोष्ट राहिली. मी मेल्यावर ही कुठे झोपणार? बाकी सगळं, जेवण, कपडे, औषध, माणूस कसंही निभावून नेतो. पण रात्री घाबरून उठली तर शेजारच्या खोलीत कोण असणार?

पुन्हा गेलो तेव्हा सिस्टरला म्हटलं, इथेच ग्वाल्हेरात पैसे का नाही जमवत? ती म्हणाली, चर्चमध्ये फादरनी सांगितलं, लोकांनी दिलं, पण चर्चचे लोक किती? कोणी ड्रायव्हर, कोणी नर्स, कोणी पेन्शनवर. बाजारात जावं तर सिस्टरांचे झगे बघूनच लोक विचारतात, किस बात का पैसा, किसको ईसाई बनाओगे? मागच्या नाताळात दोघी केकचे डबे घेऊन गेल्या होत्या. एका दुकानदाराने केक घेतला आणि मग पोलिसांचं नाव काढलं.

मी म्हटलं, "बाजारात मी जातो."

हे मी फुशारकीने म्हटलं नाही. लष्कर भागातल्या बाजारात मला कोण ओळखत नाही? आमच्या मोहल्ल्याच्या गणपतीची वर्गणी तीसेक वर्षं मीच जमवली. मंडळ आम्हा दक्षिणी, म्हणजे मराठी लोकांचं. आमचे पूर्वज इथे फौजेबरोबर आले, कोणाचे शिपाई, कोणाचे कारकून, कोणाचे भटजी, आता कोणी वकील आहे, कोणी बँकेत, कोणी माझ्यासारखा पत्रा ठोकणारा. माझं शिक्षण चौथी. पण वर्गणीला मीच लागायचो, कारण मी कधी मागितलं नाही. मागणं आणि वर्गणी यात फरक आहे. दुकानासमोर उभं राहायचं, बस. आतून आवाज येतो, काका आले, पाणी द्या. पाणी पिऊन होईस्तोवर पैसे पुढे आलेले असतात. तोंड उघडायचं ते फक्त "बरं आहे" म्हणायला.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या पोरांनी दुकानादुकानांत तो मोबाईलने पैसे घ्यायचा चौकोनी कागद चिकटवला आणि मला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. "काका, आता आराम करा." शाल हातात घेऊन मी खाली उतरलो आणि त्या वर्षीच्या गणपतीला पुन्हा वर चढलो नाही. आराम मला कोणी विचारून द्यायला हवा होता.

सिस्टर म्हणाली, आपण आधी हिंदीत पत्रक छापून बाजारात वाटू, चर्चची मुलं वाटतील, म्हणजे लोकांना कळेल कशासाठी आहे. मग म्हणाली, "और आप अपनी बेटी के बारे में बताइए. लोग किसी एक को देखते हैं तो देते हैं."

मी म्हटलं, ते होणार नाही. घरासाठी फिरेन, रोज फिरेन, पण पोरीचं तोंड पुढे करून मी पैसा घेणार नाही. एवढं बोलून उठलो, चहा तसाच ठेवला.

डबा मी स्वतः केला. जाड पत्र्याचा, कडा आत वळवलेल्या, कुलूप लावलं आणि किल्ली सिस्टरच्या हातात दिली. पेंटरकडून त्यावर घराचं नाव लिहून घेतलं. क्रॉस काढायचा का विचारलं तर सिस्टर नको म्हणाली. नाव असं आहे की कोणत्याही देवाच्या घराला शोभेल.

श्रावण संपता संपता मी निघालो. सणाच्या आधी व्यापाऱ्याचा हात मोकळा असतो म्हणून तीच वेळ निवडली. नई सडकेच्या तोंडाशी भांड्यांचं दुकान आहे, तिथून सुरुवात.

"अरे काका! आ गए! हम तो समझे थे इस बार भी वो मोबाइल वाले लड़के आएंगे."

"मी आहे अजून."

"पानी लाओ रे काका के लिए."

पाणी आलं, पैसे आले. पुढे मिठाईवाला, त्याच्या पुढे दोरी-सुतळीवाला. पाटणकर बाजारात आलो तर कापडवाला दुकानदार गादीवरून खाली उतरून आला. हा आपल्यातलाच, मराठी. याच्या बापाला मी ओळखत होतो, याला चड्डीत पाहिलेला. मी त्याला अरे-तुरे करतो.

"काका, या या. तुम्ही तो रिटायर हो गए थे ना?"

"रिटायर झाला असेल तुझा मास्तर."

तो मोठ्याने हसला. "बरोबर आहे. अहो, ती पोरं येतात, मोबाईल दाखवतात, निघून जातात. ना राम राम, ना पाणी. मजा नाही राहिली." आणि मागच्या वर्षी दिलं असेल त्याहून जास्त डब्यात टाकलं. डब्यावरचं नाव त्याने वाचलं नाही. कोणीच वाचलं नाही. पावतीबुक पिशवीत होतं, पण "राहू द्या काका, तुमच्याकडून पावती घ्यायची का" असं जो तो म्हणाला.

मला काय वाटलं, खरं लिहितो. मला वाटलं, पत्रक पोचलंय. सगळ्यांना माहीत आहे आणि तरी देताहेत. सिस्टर उगाच घाबरते. लोक चांगले आहेत, विचारणाऱ्याचं तोंड पाहिजे. जयेंद्रगंजपर्यंत गेलो तेव्हा डबा काखेला जड झाला होता. मी रिक्षा केली नाही. सगळ्यांना दिसावं म्हणून पायी आलो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मंडळाचा अध्यक्ष माझ्या घरी आला. वकील आहे, तरुण आहे, बरोबर आणखी दोघे. जोडे काढून आले, तखतावर बसले, पाणी घेतलं नाही.

"काका, तुम्ही वर्गणी गोळा केलीत?"

"केली."

"आमची पोरं आज बाजारात गेली होती. जिथे जावं तिथे लोक म्हणतात, काका घेऊन गेले. आम्हाला वाटलं, बरं झालं, काका नाराज होते, परत आले. पण ते पैसे कुठे आहेत?"

मी सांगितलं कुठे आहेत. दोघांतल्या एकाला ते घर माहीत होतं. तो म्हणाला, "वो मिशन वाला?"

"होय."

"काका, म्हणजे गणपतीचा पैसा तुम्ही येशूच्या डब्यात घातलात?"

"मी गणपतीचं नाव काढलं नाही कुठे. एकाही दुकानात नाही."

"नाव काढायला कशाला हवं?" अध्यक्ष म्हणाला. "तीस वर्षं लोक तुम्हाला ओळखतात. श्रावणाच्या शेवटी तुम्ही दुकानासमोर उभे राहिलात की झालं. तुमचं तोंडच पावती आहे."

 

"पत्रक वाटलं होतं," मी म्हटलं.

"कसलं पत्रक? आम्हाला तर दिसलं नाही."

तो दुसरा हसला. "काका, कितना मिलता है इसमें?"

मी उठलो. हातात काठी नव्हती हे त्याचं नशीब. अध्यक्षाने त्याला दाबलं, गप्प बस म्हणाला, आणि मला म्हणाला, "काका, माझ्या बाजूने मी सांगतो. डबा मंडळाला द्या. आम्ही म्हणू, काकांनी मंडळासाठीच जमवलं. गोष्ट संपली. नाहीतर हे बाहेर गेलं तर तुमच्यापेक्षा त्या बायकांना त्रास होईल. लोक त्यांच्या गेटवर जातील. तुम्हाला ठाऊक आहे सध्या कसं आहे."

ठाऊक होतं. आणि तो वाईट बोलत नव्हता, हेही कळत होतं. पण मी म्हटलं, "हा पैसा मंडळाचा नाही. मंडळाला कोणी दिलेला नाही. मला दिलाय. ज्याने दिला त्याला मी विचारीन. परत मागेल त्याला परत देईन."

"प्रत्येकाला?"

"प्रत्येकाला."

"मग गोष्ट सगळ्या बाजारात होईल, काका."

"होऊ दे. मी चोर नाही."

दुसऱ्या दिवशी सिस्टरकडे गेलो. पत्रकाचं विचारलं तर तिची मान खाली गेली. चर्चची मुलं घाबरली होती. बाजाराच्या तोंडाशी जाऊन परत आली आणि रविवारी पत्रकं चर्चमध्येच वाटली. तिने मला सांगितलं नाही, कारण मी भरलेला डबा घेऊन आलो आणि इतका खूश होतो, म्हणाली.

सगळं ऐकून ती म्हणाली, "वापस कर दीजिए, बाबूजी. सब. हमें नहीं चाहिए." गेटवरचा बोर्ड तिने त्याच संध्याकाळी उतरवला.

मी म्हटलं, मंडळाला देणार नाही, ज्याचं त्याला विचारणार. ती म्हणाली, मग तुम्हाला सांगावं लागेल ना, कशासाठी होतं ते. मी म्हटलं, सांगेन. ती माझ्याकडे बघत राहिली. पोरीचंही सांगणार का, हे तिला विचारायचं होतं, तिने विचारलं नाही.

सिस्टरकडून डबा आणि किल्ली घेऊन पुन्हा निघालो. कोणी किती दिलं ते मला तोंडपाठ असतं, त्याला कागद लागत नाही. भांड्यांच्या दुकानात उभा राहिलो. पाणी आलं. मी म्हटलं, आधी ऐकून घे. सांगितलं की त्या दिवशीचे पैसे गणपतीचे नव्हते, सिस्टरांच्या घराचे होते, मतिमंद मुलींच्या. तो ऐकत होता आणि रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "काका, बुरा मत मानना. मोहल्ले में रहना है." नोट परत घेतली, डोक्याला लावली आणि गल्ल्यात टाकली. पेला मात्र त्याने स्वतः माझ्या हातात दिला. मी प्यालो नाही.

मिठाईवाल्याच्या हातात झारा होता, कढईत काहीतरी चाललेलं. "अरे काका, दे दिया सो दे दिया. कौन से भगवान ने लिया, ये मैं क्यों देखूं? हटो, तेल उड़ेगा." त्याने घेतले नाहीत. सुतळीवाल्याने घेतले आणि वर म्हणाला, "इस उमर में ये सब?" मला ईसाई झालात का, असं सरळ विचारणारे तिघे-चौघे निघाले. एकाने हळूच विचारलं, काही जमीन-बिमीन देतात का? मी दर दुकानात तेच सांगत होतो, शांतपणे सांगत होतो, आणि पुढच्या दुकानात पोचायच्या आत लोक एकमेकांना सांगत होते.

पाटणकर बाजारात कापडवाल्याकडे आलो तेव्हा त्याला कळलेलं होतं. गिऱ्हाइकं होती. तो गादीवरून उठला नाही.

"काका, मला एक सांगा," तो म्हणाला. "तुमचं काय जातं त्यात? मंडळासाठी फिरलात, ते आपलं होतं. हे तुम्ही का फिरताय?"

"घर चांगलं आहे."

"चांगली घरं खूप आहेत. गोशाळा आहे, मराठी शाळा आहे. हेच का?"

मी डबा दुसऱ्या काखेत घेतला.

"लोक मला विचारतात, काका. मी काय सांगू? आपल्यातला माणूस आहे, म्हातारा झाला, चुकला? की आणखी काही आहे?"

गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. मी म्हटलं, "माझी मुलगी तिथे आहे."

"ती तर देवासला..."

"देवासला नाही. तिची आई गेल्यापासून तिथे आहे. दिवाळीला ते राहणं बंद होतंय."

कापडाचा तागा उलगडणारा नोकर हात तसाच धरून उभा. कापडवाल्याचा चेहरा बदलला आणि तोच मला नको होता. तो उठला, जवळ आला. "मग आधी सांगायचं ना, काका." त्याने डब्यातले ते पैसे परत मागितले. "ते मंडळाचं मंडळाला जाऊ द्या. आणि हे घ्या, हे वेगळे. हे तुमच्या पोरीसाठी."

नोटा माझ्या हातात कोंबत होता. मी हात मागे घेतला.

"पोरीसाठी नको. घराला द्यायचे तर दे."

"एकच ना ते?"

"एक नाही. माझी पोर भिकारीण नाही."

"मी असं कुठे म्हटलं?" त्याचा आवाज चढला. "अहो, मदत करतोय तर तुम्ही..."

त्याचे मंडळाचे पैसे मी किल्लीने डबा उघडून त्याच्या गादीवर ठेवले आणि निघालो. मागून तो काही म्हणाला. मी वळलो नाही.

गणपती आले. आरतीचा आवाज घरात येतो, मी दार लावून घेतलं. कोणी बोलवायला आलं नाही. अध्यक्षाने मात्र मंडळाच्या पोरांना आवरलं, सिस्टरांच्या गेटवर कोणी गेलं नाही. एक दिवस मोटारसायकलवर दोघे-तिघे गेटसमोर थांबले होते म्हणे, आत बघून निघून गेले. तेवढ्यानेसुद्धा सिस्टरने मुलींचं अंगणात बसणं बंद केलं. वाती आत, खोलीत वळायला लागल्या.

परत करून डब्यात जे उरलं ते सिस्टरने टेबलावर ठेवलं. मोजायची गरज नव्हती. ती म्हणाली, दसरा झाला की मुलींना घरी पाठवायला सुरुवात करते. "आपकी बेटी को सबसे आख़िर में भेजूंगी," ती म्हणाली. मला त्यातून बरं वाटावं असा तिचा हेतू होता.

मी मुलीपाशी जाऊन बसलो. तिने वळलेल्या वाती माझ्या तळहातावर एकेक करून ठेवल्या, ठेवताना जरा दाबून. मी विचारलं, "घरी येतेस का?"

ती म्हणाली, "आई आहे?"

मी म्हटलं, "नाही."

"मग नाही," ती म्हणाली आणि पुढची वात घेतली.

दुसऱ्या सकाळी मी पाटणकर बाजारात गेलो. सणासुदीची गर्दी होती. कापडवाल्याने मला पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, मग नोकराकरवी दाराशी स्टूल टाकायला सांगितलं. एरवी तो मला गादीवर घ्यायचा. मी स्टुलावर बसलो, डबा मांडीवर. तो साड्या दाखवत राहिला. एक साडी, दुसरी साडी, ही नको, ती दाखवा. मी उठून जाईन अशी त्याची अपेक्षा असावी. माझीही होती.

बऱ्याच वेळाने साड्या बघणाऱ्या बाईनेच विचारलं, "ये बाबा कब से बैठे हैं. कौन हैं?"

"अपने ही हैं," तो म्हणाला. "पुराने आदमी हैं. इनकी लड़की है, दिमाग से कमज़ोर. मिशन वालों ने रखा है बेचारी को. अब वो घर भी बंद हो रहा है."

"हाय राम," बाई म्हणाली. "कितनी बड़ी है?"

तो माझ्याकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. बेचारी हा शब्द त्याने माझ्या देखत वापरला होता आणि मी बसून होतो.

मी म्हटलं, "चालीस के ऊपर है. मराठी बोलती है. रात को डरती है."

बाईने पर्स उघडली. "बिटिया को मिठाई खिला देना, बाबा." नोट माझ्याकडे धरली. मी डब्याची फट तिच्याकडे केली. तिने आत टाकली. मग कापडवाला गादीवरून उतरून आला, त्यानेही टाकले, त्या दिवशी देत होता तेवढेच. या वेळी घरासाठी की पोरीसाठी हे त्याने म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. जाताना म्हणाला, "दर महिन्याला या, काका. मी असेन नसेन, नोकराला सांगून ठेवतो." आवाजात थोडा राग अजून होता.

तेव्हापासून जातो. काही दुकानं मला आता बंद आहेत, भांडीवाला मान फिरवतो, मंडळात मला कोणी विचारत नाही. तीन मुली घरी गेल्याच, त्यांची घरं जवळ होती. बाकीच्या आहेत. सिस्टर म्हणते, असं चाललं तर होळीपर्यंत निघेल, तोवर दिल्लीचा कागद सुटला तर बघू. होळीच्या पुढचं मी तिला विचारत नाही आणि तीही आपणहून सांगत नाही.

त्या दिवशी मी कापडवाल्याच्या स्टुलावरून उठलो तेव्हा पाय बधिर झाले होते. भिंतीला धरून उभा राहिलो. शेजारी रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, नवीन पोरगा चालवतो, मला ओळखत नाही. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारणार इतक्यात मीच सांगितलं, "मेरी लड़की है. उसके घर के लिए."